अमेरिकेतल्या मंडळाला कंपनीची मॅचिंग देणगी: पैसे नेमके कुठे अडकतात?

नवा_खजिनदार

आमचं मराठी मंडळ न्यू जर्सीत ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं आहे. रविवारची मराठी शाळाही मंडळच चालवतं. निम्मे सभासद आयटी, औषध आणि बँकिंग कंपन्यांत आहेत. त्यांच्या कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम स्वतःकडून घालतात, तरी मंडळाच्या खात्यात त्यातलं फारच थोडं येतं. एका कंपनीच्या देणग्यांच्या पोर्टलवर मंडळाचं नावच दिसत नाही. दुसऱ्या एका कंपनीने चेक पाठवल्याचं सभासद सांगतात, पण आमच्याकडे काही पोचलेलं नाही. देणग्या बहुतेक झेलने (बँकेतून बँकेत पैसे पाठवायच्या सेवेने) येतात. सभासदत्व, शाळेची फी, गणपतीच्या कार्यक्रमाची तिकिटं आणि निव्वळ देणगी, यातलं मॅचला काय चालतं? शिवाय मिळालेल्या पैशांतला काही भाग सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेला द्यावा असं कार्यकारिणीच्या मनात आहे. ते जमेल का?

हिशेबनीस

नाव दिसत नाही, तिथून सुरुवात करा. पोर्टलवर नावाने शोधू नका, ईआयएनने, म्हणजे संस्थेच्या करक्रमांकाने शोधा. आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याकडे, तुमचं नाव नोंदणीच्या वेळी लिहिलं तसंच, बहुधा तोडून-मोडून पडलेलं असतं. ईआयएननेही सापडलं नाही, तर आयआरएसच्या संकेतस्थळावरच्या करमुक्त संस्थांच्या शोधयादीत बघा. तिथे तुमचं नाव ‘आपोआप रद्द’ झालेल्यांत असेल तर दोष पोर्टलचा नाही.

लहान मंडळांचं हे नेहमीचं दुखणं आहे. ढोबळ जमा साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर आयआरएसकडे वर्षातून एकदा ९९०-एन हे ई-पोस्टकार्ड भरायचं असतं. पाच-दहा मिनिटांचं काम. हिशेबाचं वर्ष डिसेंबरला संपत असेल तर मुदत १५ मे. उशीर झाला तर दंड नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही, आणि लागोपाठ तीन वर्षं चुकली की दर्जा कायद्यानेच रद्द होतो. दर दोन वर्षांनी कार्यकारिणी बदलणाऱ्या मंडळात तीन वर्षं चुकायला वेळ लागत नाही. आणखी एक: ढोबळ जमा म्हणजे शिल्लक नव्हे. दिवाळीची तिकिटं ४०,००० ची गेली आणि हॉल-जेवणावर ३८,००० खर्च झाले, तरी जमेला ४०,०००च धरायचे. त्यात फी आणि देणग्या मिळवल्या की तुम्ही ५०,००० च्या पुढे जाता आणि ९९०-ईझेड हा त्याहून मोठा फॉर्म भरावा लागतो. त्याची मर्यादा जमा २ लाखांच्या आत आणि मालमत्ता ५ लाखांच्या आत. त्याहून वर पूर्ण ९९०.

दर्जा रद्द झालाच असेल तर रद्द झाल्याचं पत्र किंवा यादीतलं नाव, यांपैकी जे नंतरचं असेल त्या तारखेपासून १५ महिन्यांच्या आत अर्ज करा. पहिल्यांदाच रद्द झालेल्या आणि त्या तिन्ही वर्षांत ९९०-एन किंवा ईझेडला पात्र असलेल्या संस्थेला सोप्या वाटेने मागच्या तारखेपासून दर्जा परत मिळतो. अर्जाच्या छोट्या फॉर्मची, म्हणजे १०२३-ईझेडची फी २७५ डॉलर, पूर्ण १०२३ ची ६००.

आता न पोचलेला चेक. पोर्टलकडे तुमच्या बँकेचा तपशील नसेल तर चेक टपालाने जातो, आणि पत्ता बहुतेक वेळा आयआरएसच्या नोंदीतला असतो. तो पत्ता म्हणजे नोंदणीच्या वेळच्या खजिनदाराचं घर, आणि ते गृहस्थ कधीच टेक्सासला गेलेले असतात. फॉर्म ८८२२-बी भरून पत्ता बदला. जबाबदार व्यक्ती बदलली असेल तर तीही याच फॉर्मवर, ६० दिवसांच्या आत कळवायची असते. घरच्या पत्त्याऐवजी पोस्टाची पेटी घ्या. बेनेव्हिटी, बॉन्टेरा (जुनं सायबरग्रँट्स) आणि युअरकॉज या कंपन्यांच्या देणग्या हाताळणाऱ्या तिन्ही पोर्टलांवर संस्थेसाठी वेगळी नोंदणी असते. ती करून थेट बँकेत जमा सुरू करा. सोबत दर्जाचं निर्धारणपत्र, रद्द केलेला चेक किंवा बँकेचं पत्र आणि पदाधिकाऱ्याचा पुरावा तयार ठेवा. ईमेल कोणाच्या खाजगी जीमेलचा देऊ नका, मंडळाच्या डोमेनवरचा पदाच्या नावाचा द्या. काही कंपन्यांच्या पद्धतीत देणगी मिळाल्याची खातरजमा संस्थेनेच करायची असते. ती मेल जुन्या खजिनदाराच्या इनबॉक्समध्ये पडून राहते, मुदत संपते आणि मॅच रद्द होतो. कर्मचाऱ्याला वाटतं आपण अर्ज केलाय, मंडळाला वाटतं कंपनीने दिलं नाही.

जुन्या न वटलेल्या चेकसाठी पोर्टलच्या मदतकक्षाला ईआयएन आणि देणगीची तारीख देऊन चेक पुन्हा काढायला सांगा. बहुतेक वेळा निघतो.

रविवारची_शाळा

फीचं उत्तर सरळ आहे: मॅच होत नाही. शिकवण्याच्या बदल्यात दिलेली रक्कम देणगी नव्हे. ‘फी’ खोडून ‘देणगी’ लिहिलं आणि ती भरल्याशिवाय प्रवेश नसेल, तरी ती फीच राहते. असं करून घेतलेला मॅच उघडकीला आला तर कर्मचाऱ्याच्या नोकरीवर बेततं, कारण अर्जावर ‘बदल्यात काही मिळालं नाही’ असं त्याने कबूल केलेलं असतं. तिकिटाचं जरा वेगळं. १०० डॉलरच्या तिकिटात जेवण-कार्यक्रमाची बाजारकिंमत ४० असेल तर देणगी ६० ची, आणि मॅच मिळालाच तर त्या ६० वर. ७५ डॉलरच्या वर असं मिश्र पैसे घेतले तर पावतीवर त्या किमतीचा अंदाज छापणं मंडळाला बंधनकारक आहे. सभासदत्वाचंही गणित तेच.

पण शाळेकडे दुसरं धन आहे आणि मंडळं त्याकडे बघतही नाहीत. बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याच्या स्वयंसेवेच्या तासांवर पैसे देतात. मायक्रोसॉफ्ट अमेरिकेतल्या कर्मचाऱ्याला तासाला २५ डॉलरच्या हिशेबाने देते, आणि तास व देणगी मिळून वर्षाची कमाल मर्यादा १५,००० डॉलर. समजा एक शिक्षिका ३२ रविवार दोन-दोन तास शिकवते. ६४ तास झाले, म्हणजे १,६०० डॉलर, आणि तिच्या खिशातून छदामही गेला नाही. अशा पाच शिक्षिका असल्या तर शाळेच्या जागेचं भाडं सुटू शकतं. अटी कंपनीगणिक वेगळ्या असतात. कुठे किमान तास भरावे लागतात, कुठे तासांऐवजी ठरावीक रकमेचं अनुदान असतं. तयारीचे तास धरतात का, हे नियमावलीत बघूनच लिहा. मानधन घेणाऱ्या शिक्षकाचे तास चालत नाहीत. हजेरीची वही तारीख, वेळ आणि कामासह ठेवा, आणि तासांवर सही नवऱ्याने किंवा बायकोने न करता दुसऱ्या पदाधिकाऱ्याने करावी.

गणपतीबद्दल एक सावधगिरी. कित्येक कंपन्या धार्मिक कार्याला मॅच देत नाहीत. संस्थांच्या वर्गीकरणात सांस्कृतिक संस्थांचा संकेत ए२३ आणि हिंदू धर्मसंस्थांचा एक्स७०. तुमच्यावर एक्सचा शिक्का असेल तर यंत्रणा पाहताक्षणीच नकार देऊ शकते. अशा वेळी मंडळाची घटना आणि शाळेचा अभ्यासक्रम जोडून कंपनीच्या देणगी विभागाकडे फेरतपासणी मागा. संकेत ए२३ असूनही देणगीदाराने ‘कशासाठी’ या रकान्यात ‘पूजा’ लिहिलं तर तपासणारा थांबतोच. शाळेसाठी दिली असेल तर तसंच लिहावं.

पोर्टलपलीकडे

झेलबद्दल कोणी बोललं नाही. झेलचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे हलल्याचा पुरावा, देणगीचा नव्हे. मॅचसाठी मंडळाच्या लेटरहेडवर पावती लागते: देणगीदाराचं नाव, तारीख, रक्कम, ईआयएन आणि ‘बदल्यात कोणतीही वस्तू वा सेवा दिली नाही’ हे वाक्य. २५० डॉलर किंवा जास्त असेल तर करासाठीही हे वाक्य असलेली लेखी पोच लागतेच. आणि नाव कर्मचाऱ्याचंच हवं. नवऱ्याच्या झेलवरून पैसे आले आणि मॅच बायकोच्या कंपनीत मागितला, तर संयुक्त खातं दाखवावं लागतं, तेही चालेलच असं नाही.

उलट पोर्टलमधूनच देणगी दिली तर पावती मंडळाने देऊ नये. बेनेव्हिटीमधून दिलेले पैसे कायद्याने आधी अमेरिकन ऑनलाइन गिव्हिंग फाउंडेशनला मिळतात, पावतीही तेच देतात. मंडळाने दुसरी दिली की एकाच देणगीच्या दोन पावत्या होतात. मंडळाने फक्त आभार मानावेत, रक्कम न लिहिता.

@हिशेबनीस, थेट बँकेत जमा बरोबर, पण सगळ्यांना पोर्टलमधूनच द्यायला सांगू नका. काही ठिकाणी कार्डाचा खर्च देणगीतून कापतात. २,००० डॉलरला ३ टक्के म्हणजे ६० गेले. पगारातून कपात असेल तर तो वाचतो. मोठी रक्कम चेकने देऊन मॅच वेगळा मागणं परवडतं, फक्त मुदत सांभाळावी. कुठे देणगीपासून बारा महिने, कुठे त्याच कॅलेंडर वर्षात, तर कुठे पुढच्या जानेवारीअखेर. नोकरी जाण्याची कुणकुण लागली असेल तर आधी अर्ज टाका, शेवटच्या दिवशी लॉगिन बंद होतं.

डोनर-अॅडव्हाइज्ड फंडातून (आधी पैसे ठेवून नंतर देणगी कोणाला द्यायची ते सुचवायच्या खात्यातून) दिलेल्या देणगीला बऱ्याच कंपन्या मॅच देत नाहीत, काही देतात. विचारूनच द्या. शेअर दिले तर पावतीवर शेअरची संख्या आणि कंपनीचं नाव लिहा, किंमत लिहू नका.

हिशेबनीस

कार्डाच्या खर्चाचं मान्य. करावरून एक भर: मॅचची रक्कम कर्मचाऱ्याचं उत्पन्नही नाही आणि वजावटही नाही. त्याची वजावट फक्त स्वतःच्या देणगीची. २०२६ पासून तपशीलवार वजावट न घेणाऱ्या जोडप्यालाही २,००० डॉलरपर्यंतच्या रोख देणगीची वजावट मिळते, एकट्याला १,०००. सभासदांना हे कळवा, पाचशे देणारा हजार देईल.

नवा_खजिनदार

शोधयादीत नाव सापडलं, दर्जा शाबूत आहे, पत्ता मात्र २०११ चा निघाला. ८८२२-बी आज टाकतो. साताऱ्याचं कोणी सांगेल का?

दोन्हीकडचा_सीए

साताऱ्यासाठी दोन देशांचे कायदे बघा.

भारताकडून: अमेरिकन मंडळाचा पैसा एफसीआरएखाली (परदेशी देणग्यांच्या भारतीय कायद्याखाली) विदेशी योगदान ठरतो, मग देणारे सगळे सभासद मराठी का असेनात. घेणाऱ्या संस्थेकडे चालू एफसीआरए नोंदणी हवी (ती पाच वर्षांची असते, संपल्याची तारीख बघा) आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या एफसीआरए खात्यातच यायला हवेत. गावातल्या खात्यावर पाठवले तर गोत्यात शाळा येते, तुम्ही नाही. ‘पुण्यातल्या मोठ्या संस्थेला पाठवू, ती शाळेला देईल’ हा जुना मार्ग सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला. विदेशी योगदान दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. मोठी संस्था शाळेत स्वतः काम करू शकते, म्हणजे प्रयोगशाळा बांधून देणं, पुस्तकं घेऊन देणं. प्रशासकीय खर्चाला मर्यादा २० टक्के.

अमेरिकेकडून: मंडळ नुसती पैशांची नळी होऊ शकत नाही. ‘हे साताऱ्याला पाठवा’ अशा अटीवर देणगी घेतली तर वजावट धोक्यात येते. कार्यकारिणीने प्रकल्प पाहून ठराव करायचा, करारपत्र करायचं, खर्चाचा अहवाल मागायचा, आणि पैसे दुसरीकडे वळवण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवायचा. मंडळाच्या घटनेतल्या उद्देशांत हे बसतं का तेही तपासा. पूर्ण ९९० भरत असाल आणि परदेशातला खर्च १०,००० डॉलरच्या वर गेला तर त्याला शेड्यूल एफ हे पुरवणीपत्रक जोडावं लागतं.

एवढा खटाटोप नको असेल तर सभासदांनी महाराष्ट्र फाउंडेशन किंवा ग्लोबलगिव्हिंगसारख्या अमेरिकेत नोंदलेल्या संस्थेला थेट द्यावं आणि मॅच तिथेच मागावा. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे ते स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत शाळेला थेट देऊ शकतात. ते विदेशी योगदान धरलं जात नाही, शाळेने पासपोर्टची प्रत ठेवावी. त्यावर अमेरिकेत वजावट नाही आणि मॅचही नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्यांना, ओसीआय कार्ड असलं तरी, ही वाट बंद आहे.

शाळेच्या ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आणा आणि एफसीआरएच्या संकेतस्थळावर जिल्हावार यादीत शोधा. तिथे नाव नसेल तर ठराव करण्याआधीच तिथे थांबा.