मदत हवी आहे: एमएसमुळे हाताला ‘किती दाबायचं’ तेच कळत नाही

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची, वय ४१, घरीच ब्लाउज शिवते. २०१९ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराचं निदान झालं. चालणं ठीक, नजर ठीक. भानगड उजव्या हाताची आहे.

जो तो म्हणतो, हात कमजोर झाला, बॉल दाब. अहो, कमजोर नाही नं! मशीनवर पकड मोजली तर दोन्ही हात जवळपास सारखेच निघाले. मग नऊ भोकांच्या पाटीत नऊ खुंट्या घालून परत काढायची चाचणी झाली. डाव्याला २२ सेकंद, उजव्याला ४१. म्हणजे जोर आहे, अंदाज गेलाय.

मागे टपरीवर चहा घेतला, कागदी कपात. नवऱ्याशी बोलायला मान वळवली आणि कप मुठीत चेपला. चहा साडीवर सांडला तेव्हा कळलं. फेब्रुवारीत संत्रं सोलायला बसले तर फोडी बोटांतच फुटत होत्या, रस कोपरापर्यंत. सुई चिमटीत आहे की पडली, हे बघितल्याशिवाय समजत नाही. हूक लावायचं काम आता बाहेर देते, त्याचे पैसे वेगळे.

डॉक्टर म्हणाले, मानेतल्या मज्जारज्जूत डाग आहेत, तिथलं नसांवरचं मायलिनचं आवरण खराब झालंय. वस्तू निसटतेय का, ही बोटांची खबर मेंदूला उशिरा आणि अर्धवट मिळते. मग मेंदू धोका नको म्हणून गरजेपेक्षा जास्त दाबायला लावतो. हे पटलं. पण पुढे काय करायचं विचारलं, तर “व्यायाम करा”. कोणता?

त्यात नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू. अंग तापलं की अशा नसांतून संदेश आणखी मंदावतो. आजाराचा नवा अटॅक नसतो तो, हे मला माहीत आहे. ओला पंचा मानेवर टाकून कुलरसमोर अर्धा तास पडले की हात परत येतो. म्हणून कापड बेतते पहाटे पाचला. सासूबाईंच्या मते दुपारची कामं आली की माझा हात बरोबर बिघडतो. असो.

बॉल दाबून जोर वाढेल, अंदाज येईल का? अंदाजाचाच सराव कोणी केलाय? मेडिकलच्या (इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या) ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे रोजची कामं जमवायला शिकवतात तिथे, कोणी जाऊन आलंय का? जाड मुठीची कात्री कामाची असते का? शिवाय २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव आहे, पण प्रमाणपत्र देताना हाताची अशी अडचण कशी धरतात?

प्रतिसाद – कोपऱ्यातला पिंपळ
ताई, माझ्या भावाला एमएस आहे, त्याचंही हेच. त्याला थेरपीवाल्या मॅडमनी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा वापरायला लावला. काट्यावर बोट दाबून आकडा २०० ग्रॅमवर धरायचा. मग डोळे मिटून तेवढंच दाबायचं, उघडून बघायचं. थकायच्या आत थांबायचं, तेही सकाळीच. जाड मुठीने त्याला चमचा जमला, कात्री नाही. आणि बाप्पा, कागदी कप सोडा, स्टीलचा पेला घ्या.

धागाकर्ती
दादा, काटा घरात आहे, बर्फी तोलायला घेतलेला. आत्ताच बघितलं. डोळे मिटून डावा २१०, उजवा ५४०! उद्या पहाटे कापड बेतायच्या आधी परत बघते. प्रमाणपत्राचं कोणाला माहीत असेल तर सांगा.