जपानी एन्का: सूर कोणते, 'कोबुशी' कशी घ्यायची आणि सुरुवात कोणत्या गाण्याने?

काळी_चार यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. जपानी एन्का गाण्यांबद्दल (ती बहुधा विरहाची, घराच्या ओढीची संथ गाणी) जाणकारांकडून नेमकी माहिती हवी आहे. पेटीवर स्वर काढता येतात, भावगीतं गायचा सराव आहे, जपानी वाचता येतं, कांजी म्हणजे चित्रलिपी अडखळत. ऐकताना बरीच गाणी शिवरंजनीच्या अंगाने जातात असं वाटतं, पण पेटीवर शिवरंजनी वाजवली की ते जमत नाही. काय चुकतंय? दुसरं म्हणजे गळ्यातला तो झटका, ज्याला 'कोबुशी' म्हणतात, तो आपल्या मुरकीसारखाच घ्यायचा का? कराओकेत जपानी मंडळींसमोर म्हणण्याजोगं पहिलं गाणं कोणतं? आणि एक कुतूहल: चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची तीच तीच गाणी ३१ डिसेंबरच्या रात्री जपानच्या एनएचके वाहिनीवर अजून कशी चालतात?

---

मूर्च्छना:

फक्त धैवत चुकतोय. शिवरंजनीत ध शुद्ध आहे, इथे कोमल हवा. सा रे, कोमल ग, प, कोमल ध, एवढेच पाच स्वर. जपानीत याला 'योनानुकि' म्हणतात: यो म्हणजे चार, ना म्हणजे सात, नुकि म्हणजे वगळलेले. चौथा आणि सातवा स्वर गाळलेला, म्हणजे आपल्या भाषेत म आणि नी वर्ज्य.

पेटीवर काढायला अगदी सोपं आहे, काळ्या पट्टीला हातही लावावा लागत नाही. पांढरी सहा हा सा धरा. पांढरी सात रे, वरची पांढरी एक कोमल ग, पांढरी तीन प, पांढरी चार कोमल ध. आता याच पाच पट्ट्या ठेवून सा पांढरी एकवर न्या: सा ग म ध नी, सगळे शुद्ध, म्हणजे भिन्न षड्जाचे स्वर. पांढरी चारवर नेलात तर अमृतवर्षिणी. म्हणून कान ओळखीचं काहीतरी ऐकतो आणि मन चुकीच्या रागाचं नाव घेतं.

रडवेपणा कुठे आहे तेही पट्ट्यांवर दिसतं. रे-ग आणि प-ध या दोन चिंचोळ्या जागा, अर्ध्या स्वराच्या. ग ते प आणि ध ते वरचा सा या दोन लांब उड्या. धून चिंचोळ्या जागेत घुटमळते आणि मग एकदम उडी घेते. गाणाऱ्याने ध वरून प वर उतरताना घाई केली तर अर्धं गाणं तिथेच वाया जातं.

दोन ठिकाणी फसगत होते. एक, तंबोरा लावून बसू नका. साथ कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन-चार स्वरांची असते, आणि पंचमावरचा मेजर कॉर्ड आला की त्यात शुद्ध नी वाजतो. गळ्यात नी नाही, साथीत आहे. आधाराला सा-प गुणगुणत ठेवलात तर तिथे कचकच होणार. दोन, हिंदी गाण्यांच्या सवयीने सा कडे जाताना कोमल नी लागतो. तो लागला की एन्का संपलं, साठच्या दशकातली हिंदी विरहगीतं सुरू झाली. सत्तरीनंतरच्या रचनांत म आणि नी मधूनमधून येतात हे खरं, पण ते संगीतकाराने जिथे ठेवलेत तिथेच.

सगळी गाणी रडकी नसतात, हेही लक्षात असू द्या. योनानुकिचं मेजर रूप म्हणजे सरळ सरळ भूपाचे स्वर. गायक सेन मासाओचं १९७७ चं 'कितागुनि नो हारु' त्यातलं. पहिलं गाणं म्हणून मी तेच सुचवीन.

---

एको_कमी_करा:

कोबुशीबद्दल. ती मुरकी नाही. मुरकीत चार-पाच स्वरांचा गुच्छ असतो आणि तो हलका, खेळकर असतो. कोबुशीत बहुतेक वेळा एकच गाठ: मूळ स्वर, वरचा स्वर, परत मूळ स्वर. शब्दातला एखादा स्वर, 'आ' किंवा 'ए', धरून ठेवलेला असताना मध्येच दोऱ्याला गाठ बसावी तशी.

सराव असा करा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर. 'आ' वर प दोन मात्रा सरळ धरा, कंप न देता. दुसऱ्या मात्रेच्या शेवटच्या चतुर्थांशात प-ध-प, आणि लगेच पुढचा स्वर. दहा वेळा नीट आलं की मग ७२ वर जा. त्यापुढे वेग वाढवायची गरजच नाही, गाणी मुळात संथ असतात. मग हेच रे-ग-रे वर. आरशासमोर करा: जबडा हलला की समजा गमक झाली, म्हणजे स्वर हेलकावला. हालचाल आत घशात व्हायला हवी, हनुवटी स्थिर.

आपल्याकडच्या गाणाऱ्यांचं काय बिघडतं, तर एक, मींड. प वरून ध ला घसरत गेलात तर गाठ सैल पडते. स्वर तुटक, लगेच बदलायला हवा. दोन, हावरेपणा. ओळीत एक, फार तर दोन. प्रत्येक शब्दावर कोबुशी टाकणं म्हणजे प्रत्येक घासाला लोणचं. तीन, कंप. एन्कातला लांब स्वर आधी निम्मा वेळ सरळ जातो, कंप नंतर उगवतो आणि हळूहळू रुंद होतो. सुरुवातीपासून थरथरलात तर आवाज म्हातारा वाटतो.

'उनारि' म्हणजे ती गुरगुर, गायिका मियाको हारुमीने १९६४ च्या 'आन्को त्सुबाकि वा कोइ नो हाना'मध्ये गाजवलेली. ती सुरुवातीला नको. घसा बसतो.

'तामे' मात्र शिकाच. म्हणजे शब्द मात्रेच्या किंचित मागे टाकणं. कराओकेच्या पडद्यावर शब्दांचा रंग बदलत जातो, नवखा माणूस त्या रंगाच्या मागे धावतो आणि सगळं पाठांतर म्हटल्यासारखं होतं. रंग अर्धं अक्षर पुढे जाऊ द्या. पण ओळीचा शेवट मात्रेवरच गाठायचा. मागेच राहिलात तर ती तामे नाही, ताल चुकला.

कराओके यंत्राचं बोलायचं तर की-चं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण एका दाबाला अर्धा स्वर हलवतं. पुरुषाने बाईचं गाणं खालच्या सप्तकात घेतलं तर ते फार खोल जातं, म्हणून ४ किंवा ५ ने वर चढवा. एको (आवाजाचा घुमारा) खाली आणा, नाहीतर कोबुशी त्या घुमण्यात विरघळते. गुणांचं यंत्र कोबुशी, खालून स्वराला लावलेली ओढ आणि शेवटची घसरण, तिन्ही मोजून आकडे दाखवतं. त्या आकड्यांसाठी गायलात तर समोरच्यांना लगेच कळतं.

---

उएनो_फलाट:

वरच्या दोघांनी सूर-गळा सांगितला, मी शब्दांकडे वळतो, कारण मराठी माणसाची खरी चूक तिथे होते.

एन्काचे शब्द बहुधा सात-पाच अक्षरांत बसवलेले असतात. आपण अभंगात अक्षरं मोजतो तसंच, पण एक फरक: दीर्घ स्वराची दोन अक्षरं आणि 'न्' चं स्वतंत्र एक. गायिका इशिकावा सायुरीच्या १९७७ च्या प्रसिद्ध गाण्याचं नावच घ्या, अर्थ 'त्सुगारु सामुद्रधुनीतलं हिवाळी दृश्य': त्सु-गा-रु-का-इ-क्यो-ओ, सात. फु-यु-गे-शि-कि, पाच. नावातच छंद आहे. 'काइक्यो' आपण सवयीने दोन झटक्यांत म्हणून टाकतो, गाण्यात त्याला चार स्वर मिळालेत. दोनात उरकलंत की पुढची सगळी ओळ उघडी पडते. म्हणून गायच्या आधी प्रत्येक ओळ टाळीवर, एका टाळीला एक अक्षर, अशी म्हणा.

उच्चारात मात्र आपल्याला आयती सोय आहे. 'त्सु' साठी हिंदीभाषक धडपडतात, आपण 'चूल'मधला च काढला की झालं. 'झा' साठी 'जरा'मधला ज. 'फु' म्हणताना दात ओठाला लावायचे नाहीत, दिव्यावर फुंकर मारतो तसं. शब्दाच्या मधला 'ग' जुन्या वळणाचे गायक नाकातून, 'ङ'च्या जवळ नेतात. त्सुगारुतला गा तसा काढून पाहा, वजन बदलतं.

आता टिकण्याचं कारण. एन्का ही 'प्राचीन परंपरा' असल्याचं ऐकायला मिळतं, ते खरं नाही. १८८० च्या दशकात हा शब्द होता, पण तो राजकीय भाषणांऐवजी रस्त्यावर म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांचा. आज ज्याला एन्का म्हणतो तो प्रकार या नावाने साठच्या दशकाच्या अखेरीस रुळला. संगीतकार कोगा मासाओचं १९३१ चं 'साके वा नामिदा का तामेइकि का' त्याचा पूर्वज मानतात, पण ते गाणारा फुजियामा इचिरो पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला होता आणि मायक्रोफोनजवळ हळुवार गायचा. त्यात आजच्यासारखी कोबुशी शोधू नका.

मग ती घट्ट का रुजली? युद्धानंतर उत्तरेकडच्या तोहोकु भागातली शाळा संपवलेली पोरं गाड्या भरभरून तोक्योच्या कारखान्यांत आली. त्या गाड्या उएनो स्टेशनला लागायच्या. घर उत्तरेला राहिलं, म्हणून गाण्यातलं दुःखही उत्तरेला: बर्फ, बंदर, फेरीबोट. 'त्सुगारु काइक्यो'मध्ये बाई उएनोहून रात्रीच्या गाडीने निघते आणि दुसऱ्याच ओळीत उत्तर टोकाच्या आओमोरिच्या बर्फात उतरते. सातशेएक किलोमीटरचा प्रवास गीतकार आकु यूने दोन ओळींत संपवलाय. निघण्याचं कारण, सोडून आलेल्या पुरुषाचं नाव, काहीच नाही. बोटीत चढणारे लोक गप्प आहेत, एवढंच.

ती बोट आता नाही. त्या सामुद्रधुनीखालून जाणारा ५३.८५ किलोमीटरचा सेइकान रेल्वे बोगदा सुरू झाला त्याच दिवशी, १३ मार्च १९८८ ला, फेरी बंद झाली. 'हाक्कोदा-मारु' ही बोट आओमोरिला संग्रहालय म्हणून उभी आहे, आणि सामुद्रधुनीकाठच्या ताप्पि भूशिरावर एक शिळा आहे, तिचं बटण दाबलं की हे गाणं वाजतं. वाऱ्यात, भोंग्यासारखं मोठ्यांदा.

इशिकावा सायुरी २००७ पासून २०२३ पर्यंत एनएचकेच्या ३१ डिसेंबरच्या कार्यक्रमात एक साल हे आणि एक साल 'आमागि-गोए' हे तिचंच दुसरं गाणं असं आलटूनपालटून गात आली. लोक नवीन ऐकायला बसत नाहीत, यंदा ती ध कशी सोडते ते पाहायला बसतात. नाट्यसंगीताचे जुने श्रोते ठरलेल्या पदातल्या ठरलेल्या जागेची वाट पाहतात, तसंच.

---

काळी_चार:

फार उपयोगी, धन्यवाद. पां.६ वरून वाजवून पाहिलं, लगेच जुळलं! 'आमागि-गोए' घ्यावं का मग? आणि परदेशी माणसाने एन्का म्हटलेलं त्यांना हास्यास्पद वाटतं का?

---

एको_कमी_करा:

'आमागि-गोए' नको. १९८६ चं ते गाणं हौशी गळ्याला सहज पेलू नये अशाच बेताने बांधलेलं आहे. शेवटाकडे आवाज फुटायच्या काठावर न्यावा लागतो, आणि शब्द मत्सराने जीव घेण्याच्या टोकाला जातात. ऑफिसच्या मेजवानीत ते म्हणून सगळ्यांना गप्प करण्यात अर्थ नाही.

हास्यास्पद वगैरे काही नाही. दिल्लीचे सरबजीत सिंग चढ्ढा संत्र्याच्या जातीच्या फळांची शेती शिकायला जपानला गेले आणि १९७५ मध्ये पगडीसह एन्का गायक म्हणून त्यांची तबकडी निघाली. २००८ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा गायक जेरो 'उमियुकि' हे गाणं घेऊन आला आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरच्या मंचावर पोचला. हसू येतं ते नक्कल केल्यावर, म्हणजे डोळे मिटून, मूठ आवळून, अश्रू पुसायचा अभिनय करत.

क्रम असा ठेवा: 'कितागुनि नो हारु', मग मियाको हारुमीचं 'किता नो यादो कारा', मग 'त्सुगारु काइक्यो'. जोडीने म्हणायचं असेल तर १९६१ चं 'गिन्झा नो कोइ नो मोनोगातारि'. काटेकोरपणे ते एन्का नाही, पण समोरच्या साहेबांना नक्की येत असतं.

---

उएनो_फलाट:

एक गंमत, कारण शब्दकोशात घोटाळा होतो. 'कितागुनि नो हारु'मध्ये 'कोबुशी' हा शब्द प्रत्यक्ष येतो, पण तो गळ्यातला नव्हे. ते वसंतात पानांआधी पांढरी फुलं येणारं, सोनचाफ्याच्या कुळातलं झाड. मूठ या अर्थाचा तिसरा कोबुशी वेगळाच. त्या शब्दावर कोबुशी घ्यायचा मोह होईल, तिथे स्वर सरळ ठेवा. गाठ पुढच्या 'आऽ'वर घ्या, तिथे जागा आहे. आणि त्या 'आऽ'च्या आधी श्वास भरून घ्या, नाहीतर शेवटचा 'हारु' हवेतच विरतो.