रोखतेची जोखीम वेगळी मोजावी
कर्जे सुरक्षित असतील तर बँकेला धोका नसतो, हे मत मला अर्धेच पटते. थकीत कर्जे भांडवल हळूहळू पोखरतात, पण रोखतेची चणचण, म्हणजे देणी भागवायला हाती पुरेसा पैसा नसणे, बँकेला दोन दिवसांत आडवी करू शकते. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेकडचे रोखे मुख्यतः सरकारी किंवा सरकारी हमीचे होते, म्हणजे ते बुडण्याची भीती जवळपास नव्हतीच. मात्र व्याजदर वाढल्याने त्यांचे बाजारमूल्य घसरले होते, आणि मार्च 2023 मध्ये सुमारे 2,100 कोटी डॉलरचे रोखे विकून 180 कोटींचा तोटा जाहीर करताच दुसऱ्या दिवशी ठेवीदारांनी 4,200 कोटी डॉलर काढून घेतले. बहुतांश ठेवींना विम्याचे संरक्षण नव्हते, ही बाब ताळेबंदात चटकन नजरेत भरत नाही.