लाकडाच्या शेगडीचं धुराडं किती तापू द्यावं?

प्रश्न: येऊरच्या बंगल्यात लाकडावर चालणारी बिडाची शेगडी बसवली आहे. धुराड्याचा पाइप एकेरी पत्र्याचा, ६ इंची. चुंबकाचा थर्मामीटर कुठे लावू आणि काटा कितीवर असला की निर्धास्त राहायचं?

उत्तर १: शेगडीच्या माथ्यापासून साधारण ४५ सेंटीमीटर वर लावा. तिथे पत्रा ११५ ते २४५ अंश सेल्सिअस हवा. त्याखाली जळत राहिली तर धुरातलं क्रिओसोट डांबरासारखं पाइपला आतून चिकटतं आणि पुढे तेच पेट घेतं. पेटवताना काटा थोडा वेळ खालीच राहणार, त्याची चिंता नको. २४५च्या वर गेला तर हवेची झडप कमी करा, दार बंदच ठेवा.

उत्तर २: हे आकडे एकेरी पाइपचेच. दुपदरी पाइपला बाहेरून मोजून काही कळत नाही. भोक पाडून आत जाणारा सळईचा थर्मामीटर लागतो, त्यावर २०० ते ४८० अंश ठीक. आणि ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवर चुंबक चिकटतच नाही.

प्रश्नकर्ता: काटा ९०च्या पुढे सरकत नाही. लांबून तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड गनने तपासू का?

उत्तर १: मॅट काळ्या रंगावर गन चालेल, चकचकीत स्टीलवर ती फार कमी दाखवते. पण मला लाकडाचाच संशय आहे. आपल्याकडे पावसाळ्यानंतर ओंडका बाहेरून खडखडीत वाटतो, आत ओलाच असतो. फोडून ताज्या फाटीवर ओलावा मोजायच्या मीटरच्या सुया टोचा. ओलावा २० टक्क्यांखाली हवा. पुन्हा पेटवण्याआधी साचलेलं क्रिओसोट काढायला धुराडं साफ करून घ्या.