अपस्मारातून स्मृतिभ्रंश होतो का?

प्रश्न – मनीषनगरकर
माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांना मिरगी (अपस्मार) सुरू झाली आणि तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. अलीकडे ते बोलता बोलता अचानक थांबतात, एकटक पाहत ओठ चाळवतात आणि नंतर बराच वेळ गोंधळलेले असतात; एरवी मात्र पेन्शनचा हिशेब चोख ठेवतात. नातेवाईक याला म्हातारपणाचा विसराळूपणा म्हणतात. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल का?

उत्तर – निवृत्त परिचारिका
दादा, या दोन आजारांचा संबंध दोन्ही बाजूंनी आहे. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, मेंदूच्या पेशींची उत्तेजना वाढून झटके येऊ शकतात. उलट, उतारवयात प्रथमच अपस्मार झालेल्यांत पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळते, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार, रक्तदाब आणि मधुमेह ही मुळे पुष्कळदा दोहोंना सामाईक असतात. पण म्हणून अपस्मार असलेल्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंश होतोच असे मुळीच नाही. तुमच्या वर्णनात मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की अल्झायमरचा विसर हळूहळू वाढत जातो, असा अचानक येऊन ओसरत नाही. हातपाय न झटकताही मिरगीचा झटका येतो, आणि घरच्यांना तो ओळखू येत नाही. पुढच्या वेळी मोबाइलवर चित्रण करा, वेळ नोंदवा आणि डॉक्टरांना दाखवा. एकदा काढलेला ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) नॉर्मल आला म्हणजे झटके नाहीत असे ठरत नाही; झोपेतील ईईजीबद्दल अवश्य विचारा.

उत्तर – आईची काळजीवाहक
गोळ्यांची यादीही तपासून घ्या. फेनोबार्बिटोन आणि टोपिरामेट यांनी विचार मंदावू शकतात, ऑक्सकार्बाझेपिनने रक्तातील सोडियम उतरू शकते, आणि व्हॅल्प्रोएटमुळे काही वृद्धांत स्मृतिभ्रंशासारखीच लक्षणे दिसतात. माझ्या आईचे तसेच झाले होते. डॉक्टरांनी औषध हळूहळू बदलल्यावर ती पुन्हा स्वतःहून वर्तमानपत्र वाचू लागली. मात्र मनाने एकही गोळी बंद करू नका, त्याने झटके लागोपाठ येण्याचा धोका असतो. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी.

उत्तर – अजनीवासी
खर्चाची अडचण असल्यास नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी रुग्णालयात न्यूरोलॉजी विभाग आहे. जुनी कागदपत्रे आणि गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. मोठा झटका आलाच तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करा.