शब्दचर्चा: ‘अकाउंट-बेस्ड बिलिंग’ला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ, नांदेड: जाहिरातींचे रिपोर्ट काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा करारनामा मराठीत करायचाय. ‘खाते-आधारित देयक’ असं लिहिलं. गिऱ्हाईक विचारतंय, लॉगिन एकच, मग 24 खात्यांचे पैसे कशाचे? शब्द चुकला का हिशेब?

मांजरा, लातूर: हिशेब ठीक असेल, शब्द चुकला. देयक म्हणजे हातात पडणारा कागद. पैसे कशावर मोजायचे ती रीत म्हणजे आकारणी, पाणीपट्टीची असते तशी. ‘खातेनिहाय आकारणी’ लिहा.

आता ‘खातं’. एक बँकेचं, एक पाटबंधारे खातं, आणि एक तलाठ्याकडचं. इथं तलाठ्याकडचं कामाला येतं. 8-अ उताऱ्यावर खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र दिसते, 7/12 मात्र गटागटाचा वेगळा. गूगल अ‍ॅड्सचं मॅनेजर अकाउंट, म्हणजे बरीच जाहिरात खाती एका ठिकाणाहून सांभाळायचं खातं, ते 8-अ. त्याखालचं दहा अंकी क्रमांकाचं एकेक जाहिरात खातं म्हणजे 7/12. सॉफ्टवेअर 7/12 मोजतं. लॉगिन म्हणजे नुसता माणूस. माणसावर पैसे लावतात तिथं शब्द ‘सीट’ असतो.

दुधना, परभणी: उपमा चांगली, पण वेबसाइट-अ‍ॅपवर किती लोक आले ते मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्सला लावू नका. तिथं अकाउंट वर, प्रॉपर्टी (आकडेवारी जमा होते तो कप्पा) खाली, आणि मोजणी बहुतेक ठिकाणी प्रॉपर्टीची. समजा एखाद्या क्लासची वेबसाइट आणि अ‍ॅप अशा दोन प्रॉपर्टी केल्या की दोन धरतात. दोन्ही एकाच प्रॉपर्टीत डेटा स्ट्रीम (आकडे येण्याची वाट) म्हणून ठेवले तर एकच. करारात ‘प्रॉपर्टी’च राहू द्या. ‘मालमत्ता’ लिहिलं की वाचणारा नगरपालिकेत जातो.

मेटाचंही तसंच. फेसबुक पेज वेगळं, इन्स्टाग्राम वेगळं, जाहिरात खातं वेगळं. गिऱ्हाईक तिन्हींना ‘आमचं फेसबुक’ म्हणतं.

गोदाकाठ: 8 गिऱ्हाइकं आहेत. प्रत्येकाचं गूगल अ‍ॅड्स, मेटा जाहिरात खातं आणि एक प्रॉपर्टी. म्हणून 24?

मांजरा: हौ. पण सॉफ्टवेअरच्या प्लॅनमध्ये ‘10 खाती’ असं लिहिलं असेल तर ती एकूण का दर स्रोताला (गूगलला वेगळी, मेटाला वेगळी अशी), ते आधी वाचा. दर स्रोताला असतील तर 8-8-8 आरामात बसतात. एकूण असतील तर चौथ्या गिऱ्हाइकालाच गाडी अडते. आकारणी गिऱ्हाईकनिहाय असेल तर 8 धरायचे, डॅशबोर्डनिहाय असेल तर जितके डॅशबोर्ड तितके. जाहिरातीचा खर्च यात कुठंच नसतो, तो गूगल-मेटाला वेगळा जातो. तेवढं ठळक लिहा, भांडणं तिथंच होतात.

सिंदफणा, बीड: आकडा फुगतो तो जोडताना. मॅनेजर अकाउंटनं परवानगी दिली की खालची सगळी खाती यादीत येतात, बंद पडलेलीसुद्धा. ‘सगळी निवडा’वर टिचकी पडली की गेले पैसे. यादी क्रमांकानं ताडून एकेक निवडा. नावावर भरवसा नको, एकाच दुकानाची जुनी-नवी दोन खाती असतात. तेच खातं दोघांच्या लॉगिननं जोडलं तर काही सॉफ्टवेअर क्रमांक बघून एकदाच धरतात, काही दोनदा.

आणि खातं काढलं म्हणजे जागा लगेच मोकळी होतेच असं नाही. काही ठिकाणी चालू महिना संपेपर्यंत ती अडकलेलीच, नाहीतर लोक 10 जागांत 30 खाती आलटून पालटून चालवतील. करारात ‘काढलेले खाते’ कोणत्या तारखेपासून मोजणीबाहेर, ते लिहा.

दुधना: महिन्याच्या मध्यात वाढवलेल्या खात्यांना ‘प्रोरेट’ लागतो. मराठीत ‘उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात’. समजा 5 खाती, दर खात्याला 300 रुपये दरमहा, 30 दिवसांच्या महिन्यात 20 दिवस उरलेत: 1500 गुणिले 20 भागिले 30, म्हणजे 1000. पुढच्या महिन्यापासून पूर्ण 1500. कार्डावर आपोआप कपात लावली असेल तर 15,000 रुपयांच्या वरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. खाती वाढून बिल त्यापुढं गेलं की पैसे कटत नाहीत, मग रिपोर्ट थांबतात आणि दोष सॉफ्टवेअरला.

गोदाकाठ: मग व्याख्येत ‘जोडखाते’ असा एकच शब्द घेऊ का?

मांजरा: नको दादा. जोडखातं म्हटलं की नवरा-बायकोचं बँकेतलं वाटतं. ‘जोडलेले खाते’ लिहा, आणि शेजारी कंसात त्या स्रोताचा क्रमांक.