ऑनलाइन एफएनपी: पीडियाट्रिक्सचा प्रिसेप्टर मिळत नाहीये, मदत हवी आहे

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. ऑनलाइन एफएनपी करतेय, पुढच्या सेमिस्टरला पीडियाट्रिक्स आहे आणि प्रिसेप्टर, म्हणजे क्लिनिकमध्ये हाताखाली घेऊन शिकवणारं कोणी, मिळत नाहीये. युनिव्हर्सिटी म्हणते साइट, म्हणजे शिकायला जायचं ते क्लिनिक, तुम्हीच शोधा, आम्ही फक्त अप्रूव्ह करणार. आजूबाजूच्या सगळ्या ऑफिसांना फोन केले, ईमेल केले, रेझ्युमे घेऊन स्वतः जाऊन आले, पण फ्रंट डेस्कवरूनच परत पाठवतात, डॉक्टरांपर्यंत कागद पोचतच नाही. शेवटी ओळखीतल्या एक पीडियाट्रिशियन हो म्हणाल्या, मराठीच आहेत, त्यांनी फॉर्मवर सहीसुद्धा दिली, आणि आता युनिव्हर्सिटी म्हणते ही साइट चालणार नाही. का ते धड सांगत नाहीत, ईमेलमध्ये फक्त 'स्टेट ऑथोरायझेशन' एवढंच लिहिलंय. डेडलाइन तोंडावर आलीये, ती हुकली तर अख्खं वर्ष जाईल कारण हा कोर्स आमच्याकडे वर्षातून एकदाच असतो. नोकरी रात्रपाळीची, घरात लहान मुलं, नवरा सांभाळून घेतोय म्हणून चाललंय. कोणी यातून गेलंय का? पैसे घेऊन प्रिसेप्टर मिळवून देणाऱ्या कंपन्या आहेत त्यांच्याकडे जाऊ का? प्लीज लवकर सांगा.

सह्यकडा
तुम्ही कुठल्या राज्यात, युनिव्हर्सिटी कुठल्या राज्यात, आणि त्या डॉक्टरांचं क्लिनिक कुठे? हे कळल्याशिवाय कोणालाच काही सांगता येणार नाही.

टेक्सासकर
ताई, बाहेर कशाला शोधताय, स्वतःच्या हॉस्पिटलमध्ये विचारा ना. मी ह्यूस्टनला आहे, माझे क्लिनिकलचे, म्हणजे पेशंटसमोर शिकण्याचे, सगळे तास आमच्याच सिस्टिमच्या क्लिनिकांमध्ये झाले. एज्युकेशन डिपार्टमेंटला एक ईमेल टाकला आणि महिन्याभरात काम झालं. एम्प्लॉयीला ते नाही म्हणत नाहीत. फक्त ज्या युनिटमध्ये नोकरी करता तिथेच क्लिनिकल धरता येत नाही, नोकरीचे तास आणि शिकण्याचे तास वेगळे ठेवावे लागतात.

कोकम_सरबत
एफएनपी म्हणजे काय? डॉक्टरकीचाच प्रकार का?

रात्रपाळी
@टेक्सासकर, तिथे सगळ्यात आधी विचारलं. आमच्या हॉस्पिटलचे करार इथल्या लोकल कॉलेजांशी आहेत, त्यांचेच विद्यार्थी घेतात, बाहेरच्या युनिव्हर्सिटीशी नवा करार करायला लीगलवाले तयार नाहीत. एम्प्लॉयी असून उपयोग झाला नाही.
@सह्यकडा, न्यू जर्सी, एडिसनजवळ. युनिव्हर्सिटी मिडवेस्टातली.

सह्यकडा
आणि क्लिनिक?

नर्सताई
@कोकम_सरबत, फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर. आधी आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, मग मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग बोर्डाची परीक्षा. पेशंट तपासणं, निदान, औषधं लिहून देणं हे सगळं करतात. काही राज्यांत स्वतंत्रपणे करता येतं, काही राज्यांत डॉक्टरशी करार लागतो. फॅमिली असल्यामुळे बाळापासून आजोबांपर्यंत सगळ्या वयाचे पेशंट बघायला लागतात, म्हणूनच पीडियाट्रिक्सचे तास टाळता येत नाहीत.

रात्रपाळी
क्लिनिक क्वीन्सला आहे. ट्रेनने जायची माझी तयारी आहे, अंतराचा प्रश्न नाही.

सह्यकडा
मग ईमेलमधल्या त्या दोन शब्दांचा अर्थ तिथेच आहे. क्वीन्स म्हणजे न्यूयॉर्क राज्य. बाहेरच्या राज्यातल्या युनिव्हर्सिटीला आपला विद्यार्थी न्यूयॉर्कमध्ये क्लिनिकलला बसवायचा असेल तर तिथल्या स्टेट एज्युकेशन डिपार्टमेंटची परवानगी लागते, आणि ती युनिव्हर्सिटीने घ्यायची असते, तुम्ही किंवा डॉक्टरांनी नाही. बऱ्याच ऑनलाइन प्रोग्रॅमनी ती घेतलेलीच नसते. डॉक्टर कितीही चांगल्या असोत, सही असो, त्याने फरक पडत नाही.

अभ्यासू
हे बरोबर वाटत नाही. न्यूयॉर्क 'सारा'चं, म्हणजे ऑनलाइन शिक्षणासाठी राज्यांनी आपसात केलेल्या कराराचं, मेंबर आहे. कॅलिफोर्निया सोडून सगळी राज्यं आहेत. साराचा उद्देशच हा की एका राज्यातल्या युनिव्हर्सिटीने दुसऱ्या राज्यातल्या विद्यार्थ्याला ऑनलाइन शिकवायला वेगवेगळी परवानगी लागू नये. ताई, त्यांना हे ठणकावून सांगा, ते आळस करताहेत.

सह्यकडा
सारा शिक्षणाच्या परवानगीपुरतं आहे. लायसन्सवाल्या व्यवसायांसाठी राज्याचे बोर्ड जे नियम लावतात त्यांना सारा हात लावत नाही, आणि नर्सिंग हा लायसन्सचा व्यवसाय आहे. माझ्या बायकोच्या वेळी हेच झालं, आम्हीसुद्धा सारा सारा करत बसलो होतो. शिवाय @रात्रपाळी, तुमच्याकडे न्यूयॉर्कचं आरएन लायसन्स आहे का?

रात्रपाळी
नाही, न्यू जर्सीचं मल्टीस्टेट आहे. ते चालत नाही?

नर्सताई
नाही गं. मल्टीस्टेट लायसन्स कॉम्पॅक्टमधल्या, म्हणजे एकमेकांचं लायसन्स मानायचा करार केलेल्या, राज्यांतच चालतं, न्यूयॉर्क कॉम्पॅक्टमध्ये नाही. म्हणजे परवानगी असती तरी लायसन्सचं एंडॉर्समेंट करायला, म्हणजे आहे त्या लायसन्सवर न्यूयॉर्कचं घ्यायला, लागलं असतं आणि त्याला वेळ लागतोच. तू क्वीन्स सोड, नदीच्या अलीकडे बघ. त्या डॉक्टरीणबाईंनाच विचार की न्यू जर्सीत त्यांच्या ओळखीचं कोण आहे. ज्यांनी सही द्यायची तयारी दाखवली त्या एक फोन नक्की करतील, आणि एका डॉक्टरचा दुसऱ्या डॉक्टरला गेलेला फोन फ्रंट डेस्कवर अडत नाही.

अभ्यासू
ठीक आहे, पण मग युनिव्हर्सिटीने हे अ‍ॅडमिशनच्या वेळी सांगायला हवं होतं.

सह्यकडा
हो, हे मान्य. कुठल्या राज्यात त्यांचा प्रोग्रॅम लायसन्सच्या अटी पूर्ण करतो ते युनिव्हर्सिटीला जाहीर करावं लागतं, फेडरल नियम आहे. वेबसाइटवर 'प्रोफेशनल लायसन्शर डिस्क्लोजर' असं पान असतं, राज्यांची यादी असते. आज ते बघा आणि न्यू जर्सीपुढे काय लिहिलंय ते वाचा. क्लिनिकल कुठल्या राज्यांत करता येतं त्याची यादी कधीकधी वेगळी असते, ती ईमेलवर मागून घ्या. दुसरी साइट शोधायच्या आधी हे करा, नाहीतर परत तेच.

बे_एरिया_काकू
कंपन्यांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी पैसे भरले होते, एका रोटेशनला हजार डॉलरच्या वर गेले, पण प्रिसेप्टर मिळाला आणि वेळेत ग्रॅज्युएट झाले. एक सेमिस्टर मागे पडलं असतं तर एनपीच्या पगाराचे तेवढे महिने गेले असते, तो हिशोब करा. ज्यांच्याकडे घर, मुलं, नोकरी आहे त्यांनी फोन करत किती दिवस घालवायचे?

टेक्सासकर
काकू, माफ करा पण हे चुकीचं आहे. ट्यूशन भरायची, वर प्रिसेप्टरसाठी वेगळे भरायचे, मग युनिव्हर्सिटी नक्की कशाचे पैसे घेते? आणि एकाने पैसे दिले की ते ऑफिस पुढच्याकडे पण मागतं. ज्या नर्सकडे पैसे नाहीत तिने काय करायचं?

बे_एरिया_काकू
तत्त्व बरोबर आहे, पण डेडलाइन तिची आहे. कॅरिबियनमधली मेडिकल स्कूल्स न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलांना आपल्या मुलांच्या रोटेशनसाठी पैसे मोजतात हे उघड आहे. नर्सनेच फुकट मागत दारोदार फिरायचं का?

टेक्सासकर
तिथे कॉलेज भरतं, इथे विद्यार्थी भरतो. माझा मुद्दा तोच आहे.

प्रिसेप्टर_बाई
मी मेरीलँडला एनपी आहे, दरवर्षी विद्यार्थी घेते, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते. कंपनीला पैसे द्यायच्या आधी युनिव्हर्सिटीला लेखी विचारा की त्यांना ते चालतं का, काही ठिकाणी प्रिसेप्टरला पैसे दिलेले चालत नाहीत, मग तास धरले जात नाहीत. आणि कंपनीने माणूस मिळवून दिला तरी युनिव्हर्सिटी आणि साइट यांच्यातला करार लागतोच, त्याला कंपनी काही करू शकत नाही, तो महिना-दोन महिने वकिलांच्या टेबलावर पडून राहतो. डेडलाइनचा खरा खड्डा तो आहे.

म्हणून उलटं जा. युनिव्हर्सिटीकडून यादी मागा: न्यू जर्सीत ज्या साइट्सशी करार आधीच झालेला आहे आणि अजून चालू आहे अशा सगळ्या. तुमच्या आधी त्या युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी न्यू जर्सीत शिकून गेले असणारच. मग फक्त त्या ठिकाणांच्या मागे लागा.

दुसरं, प्रायव्हेट ऑफिसऐवजी एफक्यूएचसी बघा, म्हणजे फेडरल मदतीवर चालणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स. तिथे मुलांचा विभाग असतो, पेशंट भरपूर, बायकांचे आजार आणि प्रीनेटल पण बऱ्याचदा एकाच छताखाली, त्यामुळे पुढच्या विमेन्स हेल्थची पण सोय होऊ शकते. त्यासाठी सर्टिफाइड नर्स मिडवाइफ प्रिसेप्टर चालते का तेही विचारून ठेवा. फ्रंट डेस्कला फोन करू नका, मेडिकल डायरेक्टर किंवा स्टुडंट कोऑर्डिनेटरचं नाव शोधा.

आणि ईमेलमध्ये "मला प्रिसेप्टर हवाय" एवढंच लिहू नका. आम्हाला दिवसाला ठरलेले पेशंट बघायचे असतात, विद्यार्थी आला की पहिले दोन-तीन आठवडे वेग कमी होतो, भीती तीच असते. कुठले वार, किती तास, कुठल्या तारखेपासून, याआधी कुठलं रोटेशन झालं, मालप्रॅक्टिस इन्शुरन्स, लसी, टीबी टेस्ट, बॅकग्राउंड चेक सगळं तयार आहे, असं पाच ओळींत लिहा. २०२० पासून मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या, नियमाप्रमाणे एनपी विद्यार्थ्याने लिहिलेली पेशंटची नोट प्रिसेप्टरला पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागत नाही, तपासून सही केली तर चालते. मुलांचे पेशंट मेडिकेअरचे नसतात, पण ऑफिस आपला नियम बहुतेक त्यावरच बेततं, तेव्हा चार्टिंगचा भार मी उचलेन असं जरूर म्हणा. आमच्याकडे प्रिसेप्टरला राज्याच्या करात क्रेडिट मिळतं, जॉर्जिया आणि हवाईमध्ये पण आहे, तरी सांगते, त्यासाठी कोणी विद्यार्थी घेत नाही. तयारीने आलेला विद्यार्थी असला की आम्ही घेतो.

रात्रपाळी
हे इतकं नीट मला युनिव्हर्सिटीत कोणी सांगितलं नाही. मनापासून आभार.

मिरजकर
चांगला धागा. माझी बहीण इथे बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला अमेरिकेत यायचंय. एनक्लेक्स, म्हणजे तिथली नर्सिंग लायसन्सची परीक्षा, आधी द्यावी की आधी अनुभव घ्यावा?

लातूरचा_मुलगा
भारतात पण एनपी सुरू झालंय. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर, दोन वर्षांची रेसिडेन्सी. ऑनलाइन नाही, हॉस्पिटलमध्येच राहून करायचा, त्यामुळे प्रिसेप्टर शोधा वगैरे भानगडच नाही. तुम्ही लोक ऑनलाइन कशाला करता तेच कळत नाही, बेडजवळ शिकायची गोष्ट आहे ही.

नर्सताई
@लातूरचा_मुलगा, ऑनलाइन फक्त थिअरी असते. पेशंटसमोरचे तास इथेही प्रत्यक्षच करावे लागतात, २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनी ते कमीत कमी ७५० केलेत, आधी ५०० होते, आणि सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या पेशंटशिवाय केलेला सराव, त्यात धरत नाहीत. तास वाढले पण साइट्स तेवढ्याच, म्हणून तर ही मारामारी. नोकरी सोडून कॅम्पसवर जाणं प्रत्येकीला शक्य नसतं.
@मिरजकर, वेगळा धागा काढा, तिथे सांगते.

अभ्यासू
मी काल रात्री जरा वाचलं. सारावरून मी जे म्हणालो ते सोडा, पण हे वापरा: नर्सिंग प्रोग्रॅमना मान्यता देणाऱ्या सीसीएनई या संस्थेच्या मानकांप्रमाणे पुरेशा आणि योग्य क्लिनिकल साइट्स असतील हे बघणं प्रोग्रॅमची जबाबदारी आहे. विद्यार्थ्याने शोधायला मदत केली तर चालतं, पण जबाबदारी त्याच्यावर ढकलता येत नाही. तुमचा प्रोग्रॅम सीसीएनईचा आहे का?

रात्रपाळी
हो, सीसीएनईच.

टेक्सासकर
मग सरळ तिकडे तक्रार टाका.

प्रिसेप्टर_बाई
तक्रार करायचा हक्क आहे, पण ते एकेका विद्यार्थ्याचं भांडण सोडवत नाहीत, प्रोग्रॅम मानकं पाळतो का एवढं बघतात. या सेमिस्टरला त्याचा उपयोग नाही. त्यापेक्षा प्रोग्रॅम डायरेक्टरला लिहा, क्लिनिकल कोऑर्डिनेटरला फक्त कॉपी करा. आवाज चढवू नका, मानकाचं नाव घ्या, तुम्ही कुठे कुठे विचारलं त्याची यादी जोडा, आणि तीनच गोष्टी मागा: करार असलेल्या साइट्सची यादी, त्यांच्याकडून एका साइटला थेट फोन, आणि नाहीच जमलं तर कोर्स पुढे ढकलून वर्ष न गमावता दुसरं रोटेशन आधी घेण्याची लेखी परवानगी. क्रम बदलता येतो बऱ्याच ठिकाणी, विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

रात्रपाळी
डिस्क्लोजरचं पान सापडलं. न्यू जर्सीपुढे 'मीट्स', म्हणजे अटी पूर्ण होतात, असं लिहिलंय. क्लिनिकलच्या यादीत न्यूयॉर्क नाहीये, म्हणजे सह्यकडा म्हणाले तेच. डायरेक्टरला ईमेल केलाय, यादी जोडून. क्वीन्सच्या डॉक्टरांशी पण बोलले, त्यांच्या रेसिडेन्सीच्या वेळच्या मैत्रिणीचं न्यू ब्रन्सविकला काम आहे, एका हेल्थ सेंटरमध्ये, त्या तिला आज फोन करणार आहेत. पण तिथे आठवड्याला दोनच दिवस मिळतील असं वाटतंय, तेवढ्यात सेमिस्टरचे तास पूर्ण होतील का?

प्रिसेप्टर_बाई
पीडियाट्रिक्सला किती तास मागितलेत ते लिहा, मग सांगते. आणि हेल्थ सेंटरला आजच विचारा की त्यांचा तुमच्या युनिव्हर्सिटीशी करार आहे का. नसेल तर मैत्रीण हो म्हणायची वाट न बघता लीगलचं नाव आणि ईमेल घेऊन ठेवा.

बे_एरिया_काकू
दोन दिवस मिळाले तरी घे. उरलेल्या तासांसाठी स्कूल बेस्ड हेल्थ सेंटर धरतात का ते विचार, आमच्याकडे धरायचे.